शेलूबाजारची लेथ आणि करडीचं तेल

श्रावणातल्या एका सोमवारी दुपारी माझा नवरा मुकुंद वारला.

त्यानंतर माघ उजाडेपर्यंत मी सांगली सोडली नाही. ग्रंथालयातली नोकरी संपलेली, बोलण्याची सवय आधीपासूनच कमी. पुस्तक उघडून बसायचे आणि संध्याकाळी त्याच पानावर मिटायचे. मग एका सकाळी वाशीम जिल्ह्यातल्या शेलूबाजारहून प्रल्हादचा फोन आला आणि मी निघाले. तिकडे मुद्दाम फिरायला गेलेले माझ्या ओळखीत कुणी नाही, म्हणून पाहिले ते लिहून ठेवते आहे.

प्रल्हाद कोण हे आधी सांगायला हवे. मुकुंद तंत्रनिकेतनात यंत्रकाम शिकवत असे. प्रल्हाद तरुणपणी आमच्या बाजूच्या एका कारखान्यात लेथवर, म्हणजे लोखंड फिरवत कापायच्या यंत्रावर, होता आणि सुट्टी झाली की मुकुंदच्या संध्याकाळच्या वर्गात मागच्या बाकावर येऊन बसायचा. पुढे तो गावी परतला, स्वतःचे वर्कशॉप टाकले. मळणीयंत्रांचे शाफ्ट म्हणजे फिरते दांडे, पेरणीयंत्रांचे सुटे भाग अशी कामे करायचा. वर्षातून दोनदा तरी फोन यायचा आणि दोघे तासन्‌तास लोखंडाविषयी बोलायचे.

लोखंड कापताना हत्यार तापते. ते निवावे म्हणून कारखान्यांत पाण्यात तेल मिसळलेले, दुधासारखे पांढरे कूलंट त्यावर सतत सोडतात. ते कामगाराच्या हातांवर, कपड्यांवर उडत राहते. उन्हाळ्यात ते नासते, त्याला कुजकट वास येतो, आणि मग कुणी ते नाल्यात ओतते, कुणी मागच्या जमिनीत. निवृत्त झाल्यावर मुकुंदने याचाच ध्यास घेतला होता. बादलीभर पाण्याच्या जागी चमचाभर तेल पुरले पाहिजे, असे तो म्हणे. तेलही जमिनीतून उपसलेले नको, बियांचे हवे. कंप्रेसरच्या हवेबरोबर त्याचे बारीक तुषार करायचे आणि नेमके हत्याराच्या टोकावर मारायचे. त्याचे लेख शुद्धलेखनासाठी माझ्याकडे येत, त्यामुळे मला एवढे कळते. त्यापलीकडे फारसे नाही.

प्रल्हादच्या हातांना कूलंटने इसब झाले, तेव्हा मुकुंदने असे एक उपकरण स्वतः बनवून त्याला पाठवले. काही महिने ते चांगले चालले. उन्हाळ्यात अडकले, आणि त्याबरोबर लेथची स्लाइड, हत्यार पुढेमागे नेणारा भाग, तीही जाम झाली. प्रल्हादने ते कळवायला फोन केला तेव्हा मुकुंद रुग्णालयात होता. फोन मीच त्याच्या कानाशी धरला होता. "पुन्हा पाण्यावर जा, प्रल्हाद. हात सांभाळ," एवढे तो म्हणाला. फोन बंद केल्यावर खिडकीकडे बघत म्हणाला, "माझंच चुकलं म्हणायचं." त्या विषयावर तो परत बोलला नाही.

आता माघात प्रल्हाद मला फोनवर सांगत होता की हात फार चिघळले आहेत, वाशीमच्या डॉक्टरांनी लेथ सोडायलाच सांगितले आहे. अकोल्याचा एक माणूस शनिवारी लेथ बघायला येणार आहे. सरांचे यंत्र पार्सलने परत पाठवू का?

मी म्हटले, पाठवू नका, मी येते.

वाशीम

रेल्वेतून उतरले तेव्हा नुकते उजाडले होते. स्टेशनबाहेरच्या गाडीवर चहा घेतला. चहावाल्याने न विचारता शेजारी आलुबोंडा ठेवला आणि त्यावर लाल तर्री ओतली. आमच्याकडे वडा पावात जातो, इथे तो रश्श्यात बुडतो. तिखटाने डोळ्यांत पाणी आले. चहावाल्याने पाण्याचा ग्लास पुढे केला आणि दुसरीकडे पाहिले. त्याला ते तिखटाचेच वाटले असेल.

बसस्थानकात मी चुकीच्या गाडीत बसले. पाटी वाचली होती, पण वाचलेले मनात उतरत नाही असे हल्ली होते. शेजारी मांडीवर गाठोडे घेऊन बसलेल्या बाईने तिकीट काढायच्या आधीच माझी चौकशी केली आणि कपाळावर हात मारला.

"ओ बाई, हे रिसोडले चालली. तुमाले शेलूबाजारले जा लागते तं इथं काहून बसल्या?"

तिने मला हाताला धरून खाली उतरवले, मंगरूळपीरच्या गाडीपाशी नेले, आणि वाटेत सगळे विचारून घेतले. कुठल्या, तिकडे कोण आहे, किती दिवस राहणार. सांगलीत अनोळखी बाईला कुणी असे विचारत नाही. विचारले तर आम्ही उत्तर टाळतो. इथे उत्तर टाळले तर समोरच्याला वाईट वाटते, हे मला दोन वाक्यांत समजले. शेवटी तिने विचारले, "मालक नाई आले संग?"

मी म्हटले, नाही आले.

मंगरूळपीरला गाडी बदलली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना काळी जमीन चढत-उतरत जाते. आमच्याकडे ऊस नजर अडवतो, इथे ती थेट आभाळाला टेकते. तूर निघून गेली होती, हरभरा घाट्यांवर आलेला. मधून मधून करडीचे पट्टे होते, पिवळ्या-केशरी बोंडांचे, काट्यांनी भरलेले. खळ्यांवर मळणीयंत्रे चालू होती. प्रल्हादच्या कामाचे हेच दिवस असणार, असे मनात आले.

शेलूबाजार

शेलूबाजार हमरस्त्यावरच वसलेले आहे. जीपगाड्या प्रवाशांसाठी ओरडत उभ्या, पलीकडे धान्याची दुकाने, अलीकडे टायर आणि वेल्डिंग. प्रल्हादचे वर्कशॉप वेल्डिंगवाल्याच्या मागच्या अंगाला आहे आणि वर्कशॉपला लागूनच घर. तो दारात उभा होता. केस पिकले होते. दोन्ही हात मनगटापर्यंत पट्टीत गुंडाळलेले.

"जय भीम, मॅडम," तो म्हणाला. "हात नाई जोडता येत. राग नका मानू."

मग त्याने बाहीने डोळे पुसले. मीही पदराने पुसले. त्याची बायको शोभा आतून पाणी घेऊन आली आणि म्हणाली, "बसू तं द्या त्याइले. उभ्यानंच रडता काय." तेव्हा आम्ही दोघे बसलो.

शोभा भराभर बोलणारी, कष्टाने रापलेली बाई आहे. सकाळी शेतात, दुपारनंतर घरात, आणि हल्ली वर्कशॉपमधले उचलायचे-ठेवायचेही तीच करते. बैठकीत बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, त्याखालच्या कपाटात प्रल्हादची वर्गातली जुनी पुस्तके. त्यातली दोन मी ओळखली. ती आमच्या घरून गेलेली होती.

जेवायला ज्वारीची भाकर, वांग्याचे भरीत, मिरचीचा ठेचा. शोभाने ठेच्यात खळगा केला आणि त्यात बरणीतले कच्चे तेल ओतले. घरच्या वावरातल्या करडीचे, घाण्यावरून काढून आणलेले. आमच्याकडे असे शेंगदाण्याचे घेतात. करडीचे तेल हलके, थोडे कडसर, खमंग. मी तसे म्हटल्यावर तिने आणखी ओतले. प्रल्हाद भाकरी डाळीत कुस्करून चमच्याने खात होता.

"सायेब झाले आमचे," शोभा म्हणाली. "भाकर चमच्यानं खातात. पाह्यली कोनाची अशी ऐट?"

प्रल्हाद हसला. मग पट्टी बांधलेल्या हाताकडे पाहून त्याने चमचा खाली ठेवला.

तेलाची बरणी सरकवताना तिच्या काठावर जमलेला पिवळा चिकट थर माझ्या बोटांना लागला. धुतल्यावरही तो चटकन निघाला नाही.

दुपारी त्याने मला लेथ दाखवली. जुनी, जड, हिरवट रंगाची. तिच्या बाजूला पांढऱ्या कूलंटची टाकी, तिच्यावर मळकट साय धरलेली. मागच्या दाराबाहेर ते ओतून ओतून जमिनीचा एक तुकडा काळा पडला होता. तिथे गवत नव्हते. शोभा म्हणाली, कोंबड्यासुद्धा तिकडे फिरकत नाहीत.

फळीवर, कापडात गुंडाळून, मुकुंदचे उपकरण ठेवले होते. दोन मुठींत मावेल अशी टाकी, तांब्याची नळी, टोकाला तुषार सोडणारे नोझल. टाकीला आमच्या स्वयंपाकघराच्या खिडक्यांचा रंग होता. खिडक्या रंगवून उरलेला डबा त्याने त्यासाठी जपून ठेवला होता, आणि मी तो टाकून देण्याविषयी त्याच्याशी भांडले होते. मी ते हातात घेतले आणि उजेडाकडे धरले.

नोझलच्या तोंडाशी पिवळ्या राळेसारखे काहीतरी घट्ट बसले होते. मी त्यावर अंगठा दाबला. तो हळूहळू सुटला. बरणीच्या काठावरचा थर असाच चिकट होता.

मी विचारले, यात कुठले तेल घालत होता?

"करडीचं," प्रल्हाद म्हणाला. "घरचंच."

मुकुंदने करंजाचे सांगितले होते ना, असे मी विचारले. मला ते नक्की आठवत होते, कारण त्याच्या लेखात मी तो शब्द दहा वेळा तपासला होता.

"सांगतलं होतं, मॅडम. करंजाचं मिळालं तं चांगलं, असं म्हनले होते. पन करंजाचं तेल आमच्याकडं ढोराले लावतात, खरूज झाली का. नाईतर दिव्यात. सरांनं आपल्या हातानं एवढं बनवून धाडलं. त्यात ते कडू, वासाचं तेल कसं टाकावं? घरात सगळ्यात चांगलं होतं ते टाकलं."

"मीच देलं ना काढून," शोभा म्हणाली. "पाहुन्याले ठेवलेलं होतं."

मुकुंदची एक जुनी क्रिकेटची बॅट होती. दर वर्षी तो तिला जवसाचे तेल चोळून उन्हात ठेवी, आणि दोन दिवसांनी त्या तेलाची कडक पापडी झालेली असे. काही तेले वाळतात, काही वाळत नाहीत, एवढे तो मला तेव्हा सांगायचा, आणि मी ऐकून न ऐकल्यासारखे करायची. आता मी ते प्रल्हादला सांगितले. करडी जवसाच्याच जातीची असेल, हवा आणि ऊन लागले की तिची राळ होत असेल, एवढा माझा अंदाज होता. खात्री नव्हती. उपकरण बंद पडायच्या आधी काय झाले होते, असे विचारले, तर तो म्हणाला की वैशाखात मेव्हण्याच्या लग्नाला सगळे गेले होते. वर्कशॉपला कुलूप होते, वर पत्रे तापलेले. आल्यावर पाहिले तर सगळे धरलेले.

तो खाली बसला. अकोल्याचा माणूस परवा येणार होता.

"उद्या धनजले जाऊ," तो म्हणाला. "तिथं घान्यावर करंजाचं तेल भेटते."

धनज

सकाळी जीपने कारंजाला आणि तिथून बसने धनजला गेलो. शोभाही आली. नवऱ्याला पिशवी धरता येत नाही आणि पाहुणीला रस्ता माहीत नाही, म्हणून. धनज शेतीचे गाव आहे. रस्त्याकडेला करंजाची झाडे सावली धरून उभी होती, आणि वाळलेल्या चपट्या शेंगा खाली पडलेल्या. सांगलीत आमच्या गल्लीच्या टोकालाही करंज आहे. त्याच्या शेंगांचे कुणी काही करते असे मी कधी पाहिले नाही. त्या झाडून टाकाव्या लागतात, एवढेच.

तुळशीराम नावाचे म्हातारे गृहस्थ तिथे घाणा चालवतात. उन्हाळ्याच्या तोंडाशी करंज, पावसाळ्याच्या तोंडाशी लिंबोळी, एरवी तीळ, करडी. आम्ही गेलो तेव्हा ते बाजेवर बसून शेंगा फोडत होते. त्यांनी प्रल्हादच्या पट्ट्या पाहिल्या, मग माझ्याकडे पाहिले.

"करंजाचं कायले पाह्यजे? ढोर हाये का?"

"ढोर नाई, बाबाजी. लेथ हाये," प्रल्हाद म्हणाला.

"लेथले खरूज झाली का?"

शोभा तोंडाला पदर लावून हसली. मलाही हसू आले. मुकुंद गेल्यानंतर मी हसले नव्हते, हे हसू थांबल्यावर लक्षात आले.

प्रल्हादने सगळे सांगितले. करडीचे तेल यंत्रात घातले होते हे ऐकून तुळशीरामांनी मान हलवली. त्यांचे वडील करडीचे तेल आटवून मोटेच्या कातड्याला चोपडायचे, पाणी गळू नये म्हणून. वाळले की कातडे पत्र्यासारखे होई. खायला करडी चांगली, ते म्हणाले, पण ती जिथे बसते तिथून उठत नाही.

म्हणजे माझा अंदाज खरा होता. म्हातारे तेल गाळत होते आणि मी त्या काळपट धारेकडे बघत होते. हे रुग्णालयात त्या फोनच्या वेळी कळते तर एका वाक्यात सांगता आले असते. मुकुंद, तेल करडीचं होतं. तो उठून बसला असता, निदान तेवढा प्रयत्न केला असता. त्याने विचारले नाही आणि मलाही विचारायचे सुचले नाही. आम्हा दोघांना वाटले की प्रश्न यंत्राचा आहे.

शोभाने माझ्या हातात एक शेंग दिली. "फोडून पाहा, मावशी. लय कडू लागते." मी ती फोडून आतली बी दाताखाली धरली. खरोखर फार कडू होती.

पुन्हा शेलूबाजार

साफसफाई शोभानेच केली. प्रल्हाद स्टुलावर बसून सांगत होता आणि ती डिझेलच्या फडक्याने स्लाइड पुसत होती, नोझलमध्ये तार घालत होती. मी कंदिलाच्या काचा पुसतात तशी टाकी आतून पुसली. मध्येच त्याने "तसं नाई, उलटी फिरव" म्हटले, तर ती म्हणाली, "तुमी मास्तर झाले आता. फी तं नाई घ्याल?"

करंजाचे तेल भरले. कंप्रेसर सुरू केला. शोभाने शाफ्टचा तुकडा लेथवर बांधला. प्रल्हादने पट्टीवर रबरी हातमोजे चढवले आणि चाक फिरवले.

पहिल्यांदा धूर झाला. कडवट, दाट, डोळ्यांना झोंबणारा. शोभा बाहेर पळाली. प्रल्हादने यंत्र थांबवले, वाकून पाहिले. नोझल लोखंडाकडे वळलेले होते, हत्याराच्या टोकाकडे नाही. मागे कूलंट असेच वरून पडायचे, त्यामुळे हाताला तीच सवय. त्याने ते खाली, कापणाऱ्या कडेवर वळवले. हवा कमी केली. मुकुंदच्या लेखात एक वाक्य होते की तुषार फार बारीक झाले तर ते श्वासात जातात, डोळ्यांना दिसेल एवढे धुके करू नये. मी ते सांगितले. त्याने हवा आणखी कमी केली आणि खिडकी उघडायला लावली.

दुसऱ्यांदा लोखंडाचा कीस गोल वळत, पिवळसर होत खाली पडू लागला. कोरडा. धूर जवळपास नव्हता. शाफ्टचा पृष्ठभाग उजळत गेला. शेवटी त्याने यंत्र थांबवले, हातमोजा काढला, आणि पट्टीतून बाहेर आलेली बोटांची टोके शाफ्टवर ठेवली.

"गरम हाये," तो म्हणाला. "पन ओलं नाई."

मग त्याने खोल भोक पाडून पाहिले. ते जमले नाही. ड्रिल आत गेले आणि किंचाळले, तेल तिथवर पोचेना. त्याने दोनदा प्रयत्न केला आणि सोडून दिले. खोल भोकांची कामे आता मंगरूळपीरला पाठवायची, असे त्याने ठरवले. ती कामे गेली म्हणजे काही गिऱ्हाइकेही जातील, हे तिघांनाही कळत होते. शाफ्टचे काम तेवढे राहील.

घरात सगळीकडे करंजाचा वास पसरला होता. शोभा म्हणाली, आता जेवण बेचव लागेल.

त्या संध्याकाळी तिने माझ्यासाठी रोडगे केले. अंगणात गोवऱ्यांवर भाजलेले, जाड, वरून करपलेले, आत पापुद्रे सुटलेले. ते फोडून तुपात बुडवायचे आणि वांग्याच्या भाजीशी खायचे. रोडगे एरवी पाच-पन्नास माणसांसाठी शेतात करतात. तिघांसाठी कुणी करत नाही, असे तीच म्हणाली. जेवण होईपर्यंत अंधार पडला. प्रल्हादने शोभाला फोन लावायला सांगितला आणि अकोल्याच्या माणसाला येऊ नका म्हणून कळवले. पलीकडचा माणूस चिडलेला ऐकू येत होता. प्रल्हाद फक्त "हो भाऊ, हो भाऊ" म्हणत राहिला.

फोन ठेवल्यावर तो गोवऱ्यांच्या राखेकडे बघत बसला. शोभा भांडी घेऊन आत गेली होती.

"मॅडम, सरांले मी कोन्तं तेल ते सांगतलंच नाई," तो म्हणाला. "फोन ठेवल्यावर सर काय म्हनले होते? यंत्राचं काही म्हनले का?"

मी काडीने एक गोवरी राखेत ढकलली.

"हात सांभाळ म्हणाला," मी सांगितले. "तुमचीच काळजी होती त्याला."

"दुसरं काही नाई?"

"दुसरं काही नाही."

त्याने मान डोलावली. मग म्हणाला, "मंग बरं हाये."

रविवारी मी परत निघाले. शोभाने ठेच्याबरोबर खायला करडीच्या तेलाची बाटली दिली आणि झाकणाभोवती फडके घट्ट बांधले. बस सुटेपर्यंत ती खिडकीखाली उभी होती. प्रल्हाद आला नव्हता. मळणीयंत्राचा एक मोडका शाफ्ट सकाळीच आला होता आणि खळ्यावर माणसे थांबली होती.

हे लिहीपर्यंत दीड महिना झाला. प्रल्हादचा फोन येतो. उजव्या हाताची पट्टी निघाली. डावा हात तसाच आहे. डॉक्टर म्हणतात, तो पूर्ण बरा होईलच असे नाही. मागच्या दाराबाहेर आता काही ओतत नाहीत. गवत अजून उगवलेले नाही.

मुकुंदला हे कळले नाही. लेथ चालू आहे. मी सांगलीच्या घरात एकटी राहते.